बाविसाव्या मजल्यावरचे ग्रामीण पोलीस

पोलीस ठाण्यात तक्रारीला नंबर मिळतो, किश्श्याला मिळत नाही. त्यामुळे किस्से आवारातल्या जप्त स्कूटरींसारखे नुसते साठत जातात. न्यायला कुणी येत नाही!

मी भाईंदर पूर्वेला ड्युटीवर लागलो तेव्हा आम्ही 'ग्रामीण' पोलीस होतो. पुढे टॉवर उठले, केबिन रोडवर चालायला जागा उरली नाही, तरी आमच्या पाटीवर ग्रामीणच!

एकदा इंद्रलोक भागातल्या टॉवरमध्ये चोरीचा पंचनामा होता, बाविसाव्या मजल्यावर. कागदावरचं 'ग्रामीण' वाचून फ्लॅटवाल्या मॅडम आमच्या सावंत हवालदारांना म्हणाल्या, "आप गाँव से आए हो? सिटी पुलिस नहीं है क्या?"

सावंत म्हणाले, "मॅडम, गाँव का पुलिस भी लिफ्ट से आता है!"

नवघरच्या जुन्या गावातले एक आजोबा शेजाऱ्याच्या कोंबड्यांची तक्रार घेऊन यायचे. शेजाऱ्याच्या जागेवर बिल्डिंग झाली, कोंबड्या गेल्या. मग आजोबा वरून गळणाऱ्या एसीच्या पाण्याची तक्रार घेऊन आले. पाटीकडे बघून म्हणाले, "आमचा गाव न्हाय ऱ्हायला, तुमचा तेवढा हाय!"

सगळे हसले, सावंत सोडून. रत्नागिरीला त्यांचा भाऊ दर गणपतीत चारचौघांत विचारायचा, "मुंबईला पोलीस म्हणतोस, मग ग्रामीण कसा रे?" माणसाची एकच इच्छा होती: रिटायर होण्याआधी एकदा तरी शहर पोलीस म्हणवून घ्यायचं.

आणि शेवटी भाईंदरला शहर पोलिसांचं आयुक्तालय झालं! इथे राहायचं की ग्रामीणमध्ये जायचं, ते प्रत्येकाने फॉर्मवर लिहून द्यायचं होतं. सावंतांनी फॉर्म भरण्याआधीच पेढे वाटले. रिकाम्या रिसिव्हरमध्ये "नमस्कार, शहर पोलीस!" म्हणायची प्रॅक्टिसही सुरू केली.

ऑर्डर आली. सावंतांची बदली पार खेड्यात, मुरबाडच्याही पुढे!

आम्ही धावत साहेबांकडे गेलो. साहेबांनी फॉर्म समोर ठेवला. पसंतीच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'ग्रामीण' लिहिलेलं. तीस वर्षं प्रत्येक कागदावर लिहिलं तेच.

"सावंत, अक्षर तुमचंच ना?"

"अक्षर माझंच साहेब, पण हाताला सवय सरकारी!"

साहेबसुद्धा हसले, पण ऑर्डर काही बदलली नाही. मला फार वाईट वाटलं. पेढे तर आम्ही कधीच खाऊन बसलो होतो.

आठवड्याने मी त्यांच्या नव्या ठाण्यात फोन लावला. मागे कोंबडा आरवत होता. सावंतांनीच उचलला. आवाज एकदम खणखणीत.

"नमस्कार, शहर पोलीस!"