राखणदाराचं डुक्कर

माझं नाव कडूबाई, नवऱ्याचं लिंबाजी. लग्नात लोक म्हनले होते, ह्या घरात गोड काय निपजायचं? निपजलं ते डुक्कर. हसा, हसा. सगळं झरी गाव हसलं, तुमी तर लांबचे.

आमचा म्हातारा, म्हंजी लिंबाजी, तीस वर्सं राखणदार. भुईमुगाला शेंगा भरल्या की रानडुकरं सगळं वावर उकरून टाकत्यात, म्हणून ह्यानं वावरातल्या उंच माळ्यावर बसायचं आन पत्र्याचा डबा बडवायचा. डबा वाजला की कळप पळतोय. एवढंच काम, पन त्यात त्याचा हात धरनारा गावात कुनी न्हाई.

दोन वर्साखाली ऊस तुटायला लागला, तसं फडात एक पिल्लू घावलं. मांजराएवढं, अंगावर पट्टे. माय पळून गेलती. म्हाताऱ्यानं उपरण्यात गुंडाळून घरी आनलं. मी म्हनलं, "अगं बाई! ज्याला हाकलायची चाकरी करता, त्यालाच घरात आनलं व्हय?" म्हाताऱ्यानं शेळीच्या दुधाची बाटली पिल्लाच्या तोंडाला लावली. आमची नात साक्षी, तिनं नाव ठेवलं सायब.

सायबानं माझी परात उलटी केली, पिठात लोळला, गिरणीपस्तोर माझ्या मागं आला. बाया म्हनायच्या, "कडूबाई, लेकरू लय गुनाचं हाय." मी शिव्या द्यायची आन ताकात एक जास्तीची भाकर कुस्करायची. खोटं कशाला बोलू, जीव लागला व्हता. दिवसभर तो भटकायचा. संध्याकाळी म्हातारा तोच डबा वाजवायचा, की सायब पळत यायचा आन खायचा. त्यात काय वंगाळ हाय, हे आमच्या कुनाच्याच डोक्यात आलं न्हाई.

वरीसभरात त्याला सुळे फुटले. ज्यांच्या वावरात आमी राबतो ते माणिकराव दारात येऊन म्हनले, "लिंबाजी, राखणदाराच्याच घरी डुक्कर? लोकं मला हसायलेत. एक तर डुक्कर ठेव, न्हाई तर राखण." म्हाताऱ्यानं सायबाला दोन कोसावर वड्याच्या येड्या बाभळीत नेऊन सोडलं. माघारी वळला तर हे मागं. शेवटी दगडं मारली. मारली आन वाटंत रडत बसला. घरी येऊन म्हनला, "मानसाचं भ्या बसलं तरच जगंल गं." महिनाभर सायब आला न्हाई. आमाला वाटलं, जगला.

भुईमूग काढायला आठ दिवस होते. दिवस मावळायला माणिकरावांच्या वावरात कळप शिरला. गडीमानसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन धावली. म्हातारा माळ्यावर चढला आन डबा बडवायला लागला. कळप उधळला, वड्याकडं पळाला. एकच डुक्कर उलटं फिरलं आन मानसांच्या मधून सरळ माळ्याकडं आलं. म्हातारा वरडला, "मारू नका रं, माझा हाय!" त्या कालव्यात कुनाला ऐकू येतंय? तो खाली उतरस्तोर गड्यांनी काम उरकलं व्हतं.

आमच्याकडं रीत हाय, डुक्कर पडलं की पहिला वाटा राखणदाराचा. तासाभरात एकजन झाकलेलं भगुनं घेऊन आला. "काका, तुमचा मान," म्हनून ठेवून गेला. साक्षी झाकन काढायला लागली, तिचा हात मी झटकला आन तिला शेजारी धाडलं. म्हाताऱ्यानं भगुनं उचललं, फावडं घेतलं, परसात खड्डा केला. सगळं पुरलं. मीच मोठ्यानं रडले.

सकाळी आमी दोघं माणिकरावांच्याच कापसात खुरपायला गेलो. न जाऊन सांगता कुनाला? माणिकराव बांधावर आले. चार मानसांत हसत म्हनले, "काय लिंबाजी, वाटा कसा लागला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, उठावं आन तोंडावर सांगावं. म्हाताऱ्यानं माझा हात दाबून धरला आन मान खाली घालून म्हनला, "चांगला लागला, दादा."