टीमच्या इतिहासातलं ‘घरगुती कारण’

माझी नात माझ्याजवळ निडी गावात राहते. मुलगा-सून रोह्याला, दोघांनाही कंपनीत शिफ्ट, कोण कधी घरी असेल नेम नाही. म्हणून बारावीनंतर ती माझ्याकडे आली आणि निडीहून गाडीने पेणच्या कॉलेजात जायला लागली. काही महिने ठीक गेले. मग दुपारच्या गाडीची पोरगी संध्याकाळच्या गाडीने यायला लागली. आणि पँटीच्या गुडघ्यांवर पांढरं, बोटं सुजलेली.

आता पेणला जाऊन माणूस पांढरं होऊन येतं ते कशाने, हे आमच्याकडे कुणाला विचारायला लागत नाही. गणपतीच्या कारखान्यात. माझी धाकटी जाऊ मूर्ती घासायला जायची. तिची बोटं अशीच सुजलेली असायची. मी नातीचा हात धरून उजेडात नेला. एक नख काळंनिळं.

“हे काय गो?”

“बॉल लागला. बेसबॉल खेळते मी, आजी. कॉलेजच्या टीमचा सराव चाललाय.”

बेसबॉल! कबड्डी म्हणाली असती तर मी गप्प बसले असते. हिने नेमका असा खेळ काढला, की ज्याबद्दल गावात कुणाला विचारायची सोय नाही. तिथेच मला पक्कं वाटलं, की कॉलेज सोडून पोरगी कामाला जाते आणि वर विचार करून खोटं बोलते.

“बरं,” मी म्हटलं, “टीम कुणी काढली? तुझ्याआधी कोण खेळलं? एखादा फोटो, कप, काय हाय का कॉलेजात?”

“नाय. मुलींची टीम यंदाच निघालीय. आम्हीच पहिल्या.”

“म्हणजे ना आगा ना पिछा.”

“आजी, तू टीमची चौकशी करतेस का स्थळाची?”

पुढे फॉर्म आला. बाहेरच्या राज्यात सामने, पालकांची सही पाहिजे, शनिवारपर्यंत. मुलगा फोनवर म्हणाला, “आई, ती तुझ्याजवळ असते. तू हो म्हण, मग मी सही करतो.” मी फॉर्म तांदळाच्या डब्याखाली ठेवला. “आधी बघीन,” म्हटलं.

“मग चल ना उद्या मैदानावर,” नात म्हणाली.

तिने एवढं धीटपणे बोलावलं, त्याचाच मला संशय आला. सांगून गेलं की लोक सगळं जागच्या जागी मांडून ठेवतात. भाच्यापुतण्यांसाठी मुली बघायला काय थोडी घरं हिंडले मी?

शनिवारी ती गेल्यावर, न सांगता, मीही पेण गाठलं. मैदानावर नाही गेले. मोबाईलमध्ये तिचा फोटो घेऊन कारखाने हिंडले. दोन ठिकाणी माना हलवल्या. तिसरीकडे एक बाई सोंड घासत बसलेली. फोटो बघून म्हणाली, “ही व्हय? येते की कधीमधी.”

झालं! सापडली. “कामाला?”

“छे गो बाय. वाया गेलेलं प्लास्टर नेते पिशवीतून. त्या पोरींची कसली टीम हाय, मैदानात रेघा मारायला लागतं त्यांना.”

मैदान जवळच होतं. बघते तर नात उकिडवी बसलेली, तोंडाला जाळी, छातीला जाड गादीसारखं काही बांधलेलं. तिच्या पाठीला अगदी लागून एक बाप्या वाकून उभा. आणि ही गुडघ्यांच्या मध्ये हात घालून समोरच्या मुलीला बोटांनी खुणा करतेय. मी सरळ आत घुसले.

“अहो, जरा लांब उभे राहा की! आणि तू गो, कसल्या खुणा चालल्यात?”

सगळ्या पोरी हसायला लागल्या. तो बाप्या म्हणजे त्यांचे सर, पंच म्हणून उभे होते. बिचारे म्हणाले, “आजी, ही आमची कॅचर. बॉल कसा टाकायचा ते ती खुणेने सांगते. आणि मी मागे नाही राहिलो तर बॉल कुठून गेला ते मला कसं दिसणार?”

नात हसली नाही. जाळी काढून माझ्याकडे बघत राहिली. सामन्यांना जाणाऱ्या मुलींची यादी बारा वाजता गेली होती. सरांनी शेवटपर्यंत तिच्या फॉर्मची वाट पाहिली होती. “दोन तास आधी येऊन हो म्हणाला असतात, तर सही मागाहून चालली असती,” एवढंच ते बोलले. ते दोन तास मी कारखान्यांत होते.

तिच्या जागी दुसरी मुलगी बसली. तिला लांबचे बॉल पळत जाऊन पकडायची सवय, जवळचे सुटले. पहिलाच सामना हरून टीम परत आली. नात आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

दुसऱ्या वर्षी टीम गेलीच नाही, मुली पुरल्या नाहीत. आता हे तिचं शेवटचं वर्ष. कॉलेजच्या वार्षिक अंकात टीमचा इतिहास हवा होता, तो तिनेच लिहिला आणि ओटीवर बसून मला वाचून दाखवला. दहा मुली कशा जमवल्या, त्यातल्या पाच कबड्डीतून कशा फोडून आणल्या, ग्लोव्हज कमी म्हणून समोरच्या टीमचे कसे मागून घेतले. मग आलं: ‘कॅचर घरगुती कारणामुळे जाऊ शकली नाही.’

“घरगुती कारण म्हणजे काय? घरात कोण आजारी होतं का? आजीने संशय घेतला म्हणून लिही.”

“सगळ्यांच्याच घरात कोणीतरी असतं, आजी. किती जणींचं लिहू?”

यंदाचा फॉर्म ती दाखवेल म्हणून मी वाट बघत होते. विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं. परवा सकाळी ती मोठी बॅग घेऊन निघाली. “खेळाचं सामान हाय,” म्हणाली. दुपारी फोन.

“आजी, पनवेलहून गाडी सुटली. सामन्यांना चाललोय.”

“आणि फॉर्म?”

“रोह्याला जाऊन बाबांची सही घेतली. महिना झाला.”

“मला नाय दाखवलास तो?”

पलीकडे पोरींचा गलका. मग ती हळूच म्हणाली, “तू आधी बघीन म्हणाली असतीस.”

“म्हणाले असते,” मी म्हटलं. “आता नीट खेळ.”

फोन ठेवल्यावर आठवलं, बरोबर कॉलेजच्या कोण बाई आहेत ते विचारायचं राहिलंच. पुन्हा लावला. तिने उचलला नाही.