इनॉकचं गार रिबीट

आमच्या न्यू फेरीच्या किनाऱ्यावर ‘ग्रेट ईस्टर्न’ आगबोट मोडायला आणली, तेव्हा सारा गाव तिच्या दारांच्या पितळी मुठी नि आरसे विकत घ्यायला धावला. इनॉक टिल्डस्ली तेवढा मर्सी नदीच्या ओहोटीची वाट बघत येरझाऱ्या घालत होता.

तरुणपणी लंडनला ही बोट बांधताना तो तिच्यावर रिबिटं, म्हणजे पत्रे जोडणारे जाड लोखंडी खिळे, ठोकायचा. “माझं रिबीट हलायचं नाही!” हे गुत्त्यात आम्ही इतक्यांदा ऐकलंय, की बियरला त्याचीच चव येते. एक गोष्ट मात्र त्याने फक्त बायकोला सांगितली होती, आणि कझायाने ती फक्त मला. रिबीट लालबुंद असताना ठोकायचं, म्हणजे निवताना ते पत्रा आवळून धरतं. एका सोमवारी, रविवारची उतरली नसताना, याने गार झालेलंच ठोकलं आणि वर रंग फासला. तेव्हापासून बोट वादळात सापडल्याची बातमी आली, की हा जेवण टाकायचा. एकतीस वर्षं!

आता ते दुसऱ्या कुणाला सापडायच्या आत गाठायला हवं, म्हणून म्हातारा बोट मोडणाऱ्यांच्या टोळीत शिरला.

“अहो, या वयात चिखलात कशाला? कोण बघतंय तुमचं रिबीट?” कझाया म्हणाली.

“मी बघतोय ना!”

तिसऱ्या आठवड्यात ओहोटी खूप खाली गेली आणि बोटीला पाण्यात ढकलणाऱ्या डाव्या चाकाखालची चौथी ओळ, इनॉकची ओळ, उघडी पडली. शेजारी दोघं जण घाम गाळत शिव्या देत होते, “कुठल्या गाढवाने ही एवढी घट्ट ठोकलीत रे?”

इनॉकने मागेपुढे पाहिलं, छिन्नी लावली आणि एकच घाव घातला. रिबीट टुणकन उडालं ते थेट मुकादम पार्जिटरच्या बुटापाशी.

पार्जिटरने ते उचललं. इनॉकचा चेहरा पांढराफटक.

“वा!” पार्जिटर ओरडला. “हे ठोकणारा खरा कारागीर! सगळ्यांनी असंच काम केलं असतं, तर नाताळाच्या आत बोट मोडून झाली असती.”

एकतीस वर्षांची लाज, आणि हा तिला शाबासकी देतोय! इनॉक लालेलाल झाला.

“कारागीर? अहो साहेब, कुणीतरी पिऊन ठोकलंय ते! कारागिरी बघायचीय? हे शेजारचं बघा!”

त्याने शेजारच्या रिबिटावर घाव घातला. दुसरा घातला. बारावा घातला. ते हललं नाही.

“आजोबा, पाणी चढतंय, चला वर!” टोळीतले ओरडले.

“थांबा रे,” धापा टाकत इनॉक म्हणाला, “हे माझं आहे,” आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याने पुन्हा हातोडा उचलला.