अण्णांनी खोडलेलं नाव

कचेरी काही लिहीत नाही, माणसं लिहितात, असं मी माझ्या गाईडबाईंना तोंडावर सुनावलं. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि राग माझ्या नाकावर असायचा. नव्वदीची सुरुवात होती. बेंगळूरच्या तळ्यांवर मी प्रबंध लिहीत होते आणि बाई माझी संदर्भसूची तपासत होत्या. अहवालावर माणसाचं नाव नसेल तर लेखकाच्या जागी संस्थेचं नाव घाल, आणि तेही पूर्ण, नुसती आद्याक्षरं नकोत, एवढंच त्या शांतपणे सांगत होत्या.

मला झोंबायचं कारण घरात होतं. सूचीतला सर्वांत महत्त्वाचा अहवाल, शहराच्या पूर्वेकडच्या तळ्यांच्या मोजणीचा, माझ्या वडिलांनी लिहिला होता. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते एका सरकारी खात्यात सर्वेअर होते. मी शाळेत असताना वर्षभर सुट्टीच्या दिवशी ते जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसत. एक परिच्छेद झाला की तो आईला मोठ्यानं वाचून दाखवत. मजकूर इंग्रजी, आणि आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तिला कंटाळा आला की वाक्य लांबलं, असा त्यांचा हिशेब. आई अवरेकाळूच्या शेंगा सोलता सोलता जांभई द्यायची आणि अण्णा निमूटपणे वाक्य तोडायचे. अहवाल छापून आला तेव्हा वर खात्याचं नाव होतं, आत साहेबांची प्रस्तावना होती, अण्णांचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी त्या प्रतीला ब्राउन पेपरचं कव्हर घातलं आणि ती कपाटात ठेवून दिली. मला मात्र ते तेव्हापासून सलत होतं.

म्हणून मी आगाऊपणा केला. बाईंना कळू न देता शेवटच्या टाइप केलेल्या प्रतीत लेखकाच्या जागी अण्णांचं नाव घातलं. इतकं बारीक कोण बघतंय, असं मला वाटलं.

बघणारे घरातच होते. प्रबंध बांधायला टाकण्याआधी अण्णांनी तो टायपिंगच्या चुका काढायला मागून घेतला. आता ते निवृत्त होते आणि चुका काढायला त्यांना काहीही चालायचं, लग्नपत्रिकासुद्धा. सूचीपाशी येऊन ते थांबले. मला वाटलं, आता चष्मा काढून डोळे पुसतील. त्यांनी पेन्सिल उचलली आणि स्वतःचं नाव खोडलं.

"अण्णा, तुम्हीच लिहिलंय की ते!" मी ओरडलेच.

"लिहिलंय मीच. स्वल्प ऐक." त्यांनी कपाटातून अहवाल काढला आणि के. आर. पुरमच्या पलीकडच्या एका लहानशा तळ्याच्या नकाशावर बोट ठेवलं. "हे केरे आता कोरडं पडलंय. उद्या तिथं साइट पाडून विकतील. खातं म्हणेल, इथं केरे नव्हतंच. तू माझं नाव घातलंस तर म्हणतील, कोण तो म्हातारा? शिवाय आडनाव तुझंच. बापानं लिहिलं, लेकीनं उचललं. खात्याचं नाव घाल. मग त्यांना स्वतःचाच शब्द नाकारायला लागेल. ते जड जातं."

"आणि तुमचं नाव?"

"रेशनकार्डावर आहे की. पुरे तेवढं."

मला राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं. दुसऱ्या दिवशी ते पान पुन्हा टाइप करून आणलं. खात्याचं नाव पूर्ण, दोन ओळी भरून.

व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक त्याच खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले निघाले. त्यांनी नेमकं त्या कोरड्या तळ्याचं पान उघडलं. "हे तळं आमच्या नोंदींत नाही," ते म्हणाले. "आधार नसेल तर हे प्रकरण काढावं लागेल." ते प्रकरण गेलं असतं तर प्रबंधात उरलं काय असतं? गाईडबाई माझ्याकडे बघत होत्या. मी पिशवीतून ब्राउन पेपरवाली प्रत काढून टेबलावर ठेवली.

"हे कुणी लिहिलंय?" परीक्षकांनी विचारलं.

अण्णांचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"तुमच्या खात्यानं, सर."

त्यांनी कव्हर उलटलं, आतलं नाव वाचलं, नकाशा उघडला. मग म्हणाले, "मग आहे." प्रकरण राहिलं.

घरी आले तर अण्णा फाटकाशीच उभे.

"काय विचारलं?"

"हे कुणी लिहिलं, म्हणून विचारलं."

"मग?"

"खात्यानं, म्हटलं."

"सरी, ठीक," म्हणून ते आत वळले. मला वाटलं, संपलं. मी चपला काढते आहे तोवर त्यांनी माझ्या पिशवीतून प्रबंध काढला, सूचीचं ते पान उघडलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आईला वाचून दाखवायला लागले. खात्याचं सगळं नाव, वर्ष, अहवालाचं शीर्षक, सावकाश, एकेक शब्द. वाक्य चांगलंच लांब होतं. आई हातातलं काम ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिली. तिनं जांभई दिली नाही.