विमावाल्या बेन

मंगळवारी सकाळी माझे यजमान गेले. रक्ताच्या कॅन्सरनं. तेरावा झाल्यावर मी बडोद्याच्या आमच्या हॉस्पिटलात परत रुजू झाले. माझं काम क्लिनिकल रिसर्चचं. रक्ताच्या कॅन्सरवर औषध घेणारे रुग्ण किती काळ जगतात, याची माहिती मी गोळा करते.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बोलावलं.

"मीनाबेन, पादरा गावचा तो जिग्नेश फोन उचलत नाही. सेन्सर्ड करून टाकू. शुक्रवारी डेटा लॉक आहे."

नाव मी इथे बदललं आहे. सेन्सर्ड म्हणजे माणूस इथपर्यंत दिसला, पुढचं माहीत नाही. जगण्याचा आलेख काढताना प्रत्येक मृत्यूला रेघ एक पायरी खाली उतरते. सेन्सर्ड माणसाची रेघेवर नुसती बारीक खूण राहते. डेटा लॉक झाला की मग काही बदलता येत नाही.

मला काळजी होती ती गोळ्यांची. जिग्नेशचा आजार सीएमएल, रक्ताच्या कॅन्सरचाच एक प्रकार. रोजची गोळी घेत राहिलं तर यातले बहुतेक लोक नोकरी करतात, संसार करतात. सोडली तर आजार उलटू शकतो. गोळ्या आमच्याकडूनच मिळत, आणि तो न्यायला आला नव्हता.

"सर, मी जाऊन येते."

"तुम्ही? आत्ता? रहेवा दो ने, बेन."

"घरी बसून तरी काय करू?"

पादऱ्याला दार त्याच्या आईनं उघडलं. मला ओळखलं आणि तिचा चेहरा उतरला. मागे सोफ्यावर एक गृहस्थ चहा पीत होते. जिग्नेशची सगाई झाली होती. हे मुलीचे वडील.

"आवो आवो, वीमावाळां बेन!" आई मोठ्यानं म्हणाली.

रुग्णाच्या परवानगीशिवाय त्याच्या आजाराचा उल्लेख परक्यापुढे करायचा नाही, हा आमचा नियम. खोटं मला जमत नाही. मी समोरच्या खुर्चीत बसले.

"कसला विमा करता?" गृहस्थांनी विचारलं.

"कोण किती वर्षं जगतं, ते बघायचं माझं काम."

"तो अमारा जमाईना सो लखी लो!" ते हसले. जावयाची शंभर वर्षं त्यांनी लिहूनच टाकली.

आई फाटकापर्यंत सोडायला आली. आमच्याकडे नंबर तिचाच होता, आणि हॉस्पिटलचा फोन तीच कापत होती.

"लग्न होऊन जाऊ दे, बेन. मग घेईल गोळ्या. आत्ता तर ठणठणीत दिसतो."

"गोळीमुळे दिसतो," मी म्हटलं. "माझे यजमान याच महिन्यात गेले. त्यांचा ब्लड कॅन्सर वेगळा होता, त्यावर अशी गोळी नव्हती. तुमच्या मुलाच्या आजारावर आहे."

ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली. "पाठवते," म्हणाली.

शुक्रवारी दुपार झाली तरी कुणी नाही. सर दोनदा दारात येऊन गेले. मग जिग्नेश आला. मागे हातात हेल्मेट घेतलेली एक मुलगी. आदल्या दिवशी त्यानं तिला सगळं सांगितलं होतं.

तिनं मला पहिला प्रश्न विचारला, "गोळी कधी घ्यायची?"

"जेवणानंतर. रोज त्याच वेळेला."

"हवे तो हुं गयो," जिग्नेश म्हणाला. आता सुटका नाही, हे त्याला कळलं.

"वडिलांना माहीत आहे?" मी तिला विचारलं.

"आज सांगणार. ते तर तुमच्यावर खूश आहेत. म्हणे, पॉलिसी गळ्यात न मारणाऱ्या पहिल्याच विमावाल्या."

रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी वाढल्या होत्या, पण आटोक्यात होत्या. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. लॉक व्हायच्या आत मी नोंद केली: जिवंत.

मुलीचे वडील सरांना भेटायला आले, बराच वेळ बसले, आणि लग्न उन्हाळ्यात झालं.

तेव्हापासून नवीन रुग्ण आला की आम्ही त्याचा स्वतःचा नंबर घेतो, आणि घरी लग्न ठरायचं आहे का तेही विचारतो.

माझे यजमान गेले ते गेले. जिग्नेश दर तीन महिन्यांनी गोळ्या न्यायला येतो.