थोरलीची भरलेली टाकी

मला दोन सवती होत्या, दोघी अमेरिकन गाड्या. थोरली ऐंशीच्या दशकातली, चौकोनी, लांबलचक. आमच्या रत्नागिरीच्या पडवीत मावली नसती. धाकटी वीसेक वर्षांनी लहान, गोलसर, दार लावलं तरी आवाज न करणारी. सौदीत, जिद्दाला अल अझीझिया भागात आमच्या बिल्डिंगखाली दोघी शेजारी उभ्या असायच्या. मी खिडकीतून कितीही हाका मारल्या तरी नवऱ्याचं डोकं बॉनेटमध्येच.

"थोरलीला काय होतंय ते ती स्वतः सांगते," हे म्हणायचे. खोकली की कार्बोरेटर, किंचाळली की पट्टा. पाना घेतला, झालं काम. धाकटी मेली नुसता पिवळा दिवा लावून गप्प बसायची. मग न्या लॅपटॉपवाल्याकडे! आणि तिचा एसी म्हणजे नुसती फुंकर. थोरलीच्या पुढच्या सलग सीटवर आम्ही तिघं बसायचो, मधे मुलगी, आणि भर ऑगस्टात मी ओढणी घट्ट गुंडाळून घ्यायची. जन्मल्यावर मुलीला घरी आणलं तेही त्याच सीटवरून.

यंदा ह्यांचा गुडघा गेला, पाठोपाठ नोकरी. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपत आलेला. गाडी नावावर असेपर्यंत कायमचं परत जाता येत नाही. धाकटी एका दुपारी विकली गेली. थोरली धूर सोडते म्हणून तपासणीत पास होईना, आणि पास झाल्याशिवाय दुसऱ्याच्या नावावर होईना. गावी न्यावी तर इतकी जुनी गाडी बंदरात उतरवूच देत नाहीत. उरला भंगारवाला. "अब्बा, इट्स जस्ट अ कार," मुलगी म्हणाली. तिला एक ठेवून द्यावीशी वाटली मला. पण ती तरी काय खोटं बोलत होती?

न्यायच्या दिवशी सकाळी ह्यांनी थोरलीला धुतलं, आणि वाटेत पंपावर टाकी फुल केली.

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं? भंगारात चाललीय ती!"

"शेजारणीचं भांडं तू कधी रिकामं परत दिलंयस?"

आमच्याकडे काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात भांड्यात.

गाडी सोपवायची, ती मोडीत काढल्याचा कागद घ्यायचा आणि मागे न बघता निघायचं, असं आमचं ठरलं होतं. भंगारवाल्याने नंबरप्लेट काढल्या, टाकी बघितली आणि कपाळावर हात मारला. पेट्रोल असलेली गाडी दाबायच्या मशीनमध्ये घालता येत नाही. टाकी रिकामी होईल, गाडी दाबली जाईल, मग कागद. तोवर थांबा, म्हणाला. त्याने नळी घातली आणि कॅनमागून कॅन भरू लागला. आम्ही उन्हात उभे. क्रेनवाला ताटकळून "यल्ला, यल्ला" करत होता. मला वाटत होतं, सुटू दे एकदाचं. ह्यांच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी नळी गुरगुरली. भंगारवाला हात झटकत म्हणाला, "खलास."

हे लंगडत पुढे गेले आणि त्याच्या हातातली नळी धरली. "अजून थोडं असेल," म्हणाले, "नीट बघ ना."