कासिल्दाचा मिसळता हात

मोका गावातल्या आमच्या गल्लीत कासिल्दाच्या हाताखालून न गेलेलं डोकं सापडणार नाही. घरापुढच्या पडवीत दोन खुर्च्या आणि एक ड्रायर, एवढंच तिचं पार्लर. तिची ख्याती मिसळण्याची. विकतची कुठलीही क्रीम तिने कधी तशीच्या तशी वापरली नाही. त्यात अंडं फोडायची, अवोकाडो कुस्करायची, मेयोनेज घालायची, दुसऱ्या बाटल्यांतलं थोडं थोडं ओतायची. केस खरंच मऊ व्हायचे. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू मिसळली की सुधारते, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तिच्या लेकीला, यानिरिसला, बाप्तिस्म्याला मीच हातावर धरलं होतं, म्हणून पोर मला माद्रिना, म्हणजे धर्ममाता, म्हणते आणि कासिल्दा त्याच नात्याने कोमाद्रे. आम्ही भांडतोही त्याच हक्काने.

आमच्याकडे मुलीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की निम्म्या लग्नाएवढा थाट असतो. गल्लीतल्या सगळ्या मुली त्या दिवशी कासिल्दाकडून सजून गेल्या होत्या. आता आपल्या लेकीला नखशिखांत आपल्याच हातांनी सजवायचं, एवढीच तिची हौस होती.

यानिरिसला लहानपणापासून कोपरांच्या आत आणि गुडघ्यांमागे खाज. रात्रभर खाजवायची, चादरीला रक्त लागायचं. दवाखान्यातल्या डॉक्टर फेलिसबाईंनी स्टिरॉइडचं मलम दिलं आणि स्वतःचं बोट पुढे करून दाखवलं, "टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एवढीच रेघ काढायची. ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. लाल आहे तिथेच लावायचं, लाली गेली की थांबायचं. साधं मॉइश्चरायझर मात्र रोज. आणि हे मलम चेहऱ्याला लावायचं नाही."

तसंच केलं. खाज थांबली, पोर झोपू लागली. इथेच गोष्ट संपायला हवी होती.

पण कासिल्दाला दिसलं काय, तर कोपर उजळलं! तिने दुकानातून त्याहून जहाल ट्यूब आणल्या. दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही. त्या ट्यूब एका पांढऱ्या क्रीमच्या मोठ्या बरणीत घोटल्या आणि रोज लेकीच्या तोंडाला थापायला लागली.

"अगं, चेहऱ्याला नाही म्हणाली ना डॉक्टर?" मी कानीकपाळी ओरडले.

"नुसतं लावू नका म्हणाली. मी मिसळून लावतेय," ती म्हणाली. "फोटोत लेक कशी चमकेल बघ, मग बोल."

चमकली ना! महिनाभर गल्ली तोंडभरून कौतुक करत होती. मग तोंडाभोवती पुटकुळ्या आल्या, गाल लालबुंद झाले. एक दिवस लावलं नाही की आग आग. म्हणून कासिल्दा आणखी लावायची. शेवटी मीच पोरीला ओढत दवाखान्यात नेलं. कासिल्दा तोंड फुगवून मागून आली.

"हे त्या बरणीचंच काम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "चेहऱ्याला ती बंद. आधी आणखी भडकेल, सोसावं लागेल. मी वेगळं औषध देते. कोपरांना मात्र पहिलं मलम तसंच चालू ठेवा."

कासिल्दाने त्यातलं 'बंद' तेवढं ऐकलं. घरी येऊन बरणीबरोबर कोपरांचं मलमही कचऱ्यात फेकलं. "विष आहे ते!" म्हणे. काही दिवसांत पोरीची कोपरं पुन्हा फुटली. मी कपाळावर हात मारून घेतला. काल हेच मलम हिला अमृत होतं, आज विष झालं. सांगितलं तेवढं, सांगितलं तिथे लावणं मात्र या बाईला जमायचं नाही. मी नवी ट्यूब आणली आणि यानिरिसच्याच हातात दिली. ती स्वतः बोटावर रेघ मोजून लावू लागली. बरणी बंद झाल्यावर चेहरा आणखी भडकला, शाळेत मुलं तिला भाजका टोमॅटो म्हणायची. घरी येऊन ओलं फडकं गालांवर ठेवून बसायची, पण चेहऱ्याला तिने आईचा हात लागू दिला नाही.

पंधराव्या वाढदिवसाच्या सकाळी चेहरा बराच निवला होता, गालांवर थोडी लाली होती. कासिल्दाने लेकीचे केस असे बांधले की मीही बघत राहिले. मग तिने मेकअपचा स्पंज उचलला. यानिरिसने तिचं मनगट धरलं.

"यात काय आहे, आई?"

"काही नाही गं. देवाशप्पथ, काही मिसळलेलं नाही."

मी बघितलं. डॉक्टरांनी चालेल म्हणून सांगितलेलीच बाटली होती, सील आत्ताच फोडलेलं. पहिल्यांदाच बाईने एखादी वस्तू जशी होती तशी ठेवली होती.

"खरं बोलतेय ती," मी म्हणाले.

"माहीत आहे," यानिरिस म्हणाली. तिने आईच्या हातातला स्पंज काढून घेतला आणि माझ्यापुढे धरला. "तरी तूच लाव, माद्रिना."